गाडी विकली तरी मेसेज येतच राहिले: आरएफआयडी टॅग आणि सोशल मीडिया यांची गाठ नेमकी कुठे बसते?

मागच्या वर्षी माझ्या काकांनी त्यांची जुनी कार विकली. नागपुरातल्या मानेवाड्याहून ती गेली हिंगणघाटला. कागदपत्रं झाली, किल्ल्या दिल्या, नव्या मालकाने नारळ फोडला. फक्त काचेवरचा फास्टॅग बंद करायचं सगळ्यांच्या डोक्यातून गेलं.

चार दिवसांनी काकांच्या मोबाइलवर मेसेज आला, बोरखेडी टोल नाक्यावर पैसे कापले गेल्याचा. काका घरी चहा पीत बसले होते. दोन दिवसांनी परत तोच नाका, तसाच मेसेज. तिसऱ्या वेळी त्यांनी स्क्रीनशॉट काढून घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, "गाडी आज माहेरी आली." मला वेगळा फोन करून म्हणाले, "पाहा ना बे, विकली तरी मला सांगून फिरून राहिली."

ग्रुपवर सगळे हसले. पण जरा थांबून पाहा. एका अनोळखी माणसाची गाडी कोणत्या दिवशी, किती वाजता, कोणत्या नाक्यावरून गेली हे पंचवीस जणांना कळलं होतं. त्या माणसाला त्याचा पत्ताही नव्हता. टॅग वाचणारी यंत्रणा आणि सोशल मीडिया यांना जोडणं म्हणतात ते हेच. काकांनी ते हाताने केलं. हेच काम आपोआप करणारी सॉफ्टवेअर गेली पंधरा वर्षं लिहिली जातायत.

टॅगमध्ये असतं काय?

आरएफआयडी म्हणजे रेडिओ लहरींनी वस्तू ओळखण्याची पद्धत. फास्टॅगच्या स्टिकरमध्ये धातूची चपटी अँटेना आणि तिच्या मध्यभागी तिळाएवढी चिप असते. बॅटरी नसते. टोल नाक्यावर लेनच्या वर बसवलेला रीडर रेडिओ लहरी सोडतो. त्या लहरींमधूनच चिपला जागं होण्यापुरती वीज मिळते आणि ती आपला क्रमांक त्याच लहरींवर परत पाठवते. लहानपणी आरशाने समोरच्या भिंतीवर उन्हाचा कवडसा नाचवला असेल तर हे लगेच समजेल. ऊन आरशाचं नसतं, आरसा ते फक्त हलवून परत पाठवतो.

रीडर समोर नसेल तेव्हा हा टॅग काहीच करत नाही. उपग्रहाशी बोलत नाही, इंटरनेटला जोडलेला नसतो, आपण कुठे आहोत हे त्याला स्वतःला माहीत नसतं. त्यात तुमच्या खात्याची शिल्लक नसते. ती टॅग देणाऱ्या बँकेच्या संगणकात असते. टॅग सांगतो तो मुख्यतः स्वतःचा ओळख क्रमांक.

अशा टॅगची दोन घराणी लक्षात ठेवली तरी पुरे. फास्टॅग अतिउच्च वारंवारितेवर, भारतात ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतो आणि काही मीटरवरून वाचला जातो. दुसरं घराणं १३.५६ मेगाहर्ट्झचं. नागपूर मेट्रोच्या गेटवर टेकवायचं महाकार्ड, 'टॅप' करून पैसे देता येणारं बँकेचं कार्ड आणि मोबाइलमधलं एनएफसी हे सगळे त्यातले. ते काही सेंटीमीटरवरूनच वाचले जातात. म्हणून तुमच्या मोबाइलने मेट्रोचं कार्ड ओळखता येतं, पण फास्टॅग वाचता येत नाही. दोघांची भाषाच वेगळी आहे.

घड्याळवाला मुलगा आणि नोटेतली चिप

जून २०२२ मध्ये एक व्हिडिओ तुमच्याकडेही आला असेल. सिग्नलवर एक मुलगा गाडीची काच पुसतोय, मनगटावरचं घड्याळ फास्टॅगवरून फिरवतोय आणि गाडीतले दोघं म्हणतायत की अशाने खात्यातून पैसे चोरले जातात. लाखो लोकांनी तो पुढे पाठवला. माझ्याकडे तो एका दिवसात सहा ग्रुपमधून आला. तेव्हा काही जणांनी काचेवरच्या टॅगला कागद लावून ठेवला होता.

तो व्हिडिओ खोटा होता. फास्टॅगची देयक व्यवस्था चालवणाऱ्या नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने लगेच खुलासा केला आणि केंद्र सरकारच्या पीआयबी फॅक्ट चेकनेही दावा फेटाळला. कारण सोपं आहे. फास्टॅगमधून पैसे फक्त नोंदणीकृत टोल नाक्याला किंवा पार्किंगसारख्या नोंदणीकृत व्यापाऱ्यालाच मागता येतात. एका माणसाकडून दुसऱ्या माणसाकडे पैसे जाण्याची सोयच त्यात नाही. समजा त्या मुलाने खरोखर रीडर आणून टॅग वाचला असता, तरी त्याच्या हाती एक लांबलचक क्रमांक आला असता. त्याचं लोणचं घालणार का?

त्याआधीची मोठी अफवा २०१६ मधली. ८ नोव्हेंबरला नोटाबंदी जाहीर झाली आणि दोन हजारांच्या गुलाबी नोटेत 'नॅनो जीपीएस चिप' आहे, जमिनीखाली पुरली तरी उपग्रहाला दिसते, असे मेसेज फिरले. काही टीव्ही वाहिन्यांनीही ते सांगितलं. रिझर्व्ह बँकेने जाहीर केलेल्या नोटेच्या वैशिष्ट्यांत असं काही नव्हतं. काही मीटरवरच्या रीडरलाच उत्तर देऊ शकणारी बिनबॅटरीची चिप शेकडो किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहाला काय सांगणार, हा प्रश्न फार थोड्यांनी विचारला. जून २०२५ मध्ये दुचाकींनाही टोल लागणार अशी बातमी पसरली, तेव्हा नागपूरचे खासदार आणि रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरी यांना एक्सवर लिहून ती खोडावी लागली.

या सगळ्यांत लोकांना भीती वाटते ती वस्तूची: स्टिकर, नोट, घड्याळ. क्रमांकाला नाव कुठे चिकटतं, तिकडे कुणी बघत नाही.

मग पोस्ट येते कुठून?

समजा, एखाद्या महोत्सवात प्रवेशद्वारावर मनगटी पट्टा टेकवला आणि तुमच्या प्रोफाइलवर 'मी इथे आलोय' अशी पोस्ट पडली. मधल्या दोन-तीन सेकंदांत काय घडतं?

रीडर तीन गोष्टी कळवतो: टॅगचा क्रमांक, कोणत्या अँटेनाने वाचला आणि किती वाजता. पण तो हे एकदा कळवत नाही. टॅग समोर आहे तोवर सेकंदाला अनेक वेळा तोच क्रमांक ओरडत राहतो. म्हणून पहिलं काम गाळणीचं. मधलं सॉफ्टवेअर ठरवतं की एकाच टॅगची अमुक मिनिटांतली सगळी वाचनं मिळून एकच घटना धरायची. ही गाळणी विसरली तर गेटजवळ गप्पा मारत उभ्या असलेल्या माणसाच्या नावाने पन्नास पोस्ट पडतील. नवशिक्यांचे प्रकल्प बहुतेक इथेच फसतात.

दुसरं काम शोधण्याचं. सर्व्हरवर एक तक्ता असतो: या क्रमांकाचा पट्टा या नावाच्या माणसाला दिला, त्याचं अमुक खातं आणि त्याने दिलेलं परवानगीचं टोकन. टोकन म्हणजे पासवर्ड नव्हे. नोंदणी करताना तुम्ही 'परवानगी द्या' हे बटण दाबता, तेव्हा सोशल मीडिया कंपनी त्या ॲपला एक किल्ली देते. तिने ठरावीक दारंच उघडतात आणि ती तुम्हाला परत घेता येते.

तिसरं काम पोस्ट टाकण्याचं. ते एपीआयमधून होतं, म्हणजे कंपनीने बाहेरच्या सॉफ्टवेअरसाठी ठेवलेल्या अधिकृत दारातून.

सगळा खेळ त्या मधल्या तक्त्यात आहे. टॅग चोरला तर क्रमांक जातो. तक्ता फुटला तर माणसं जातात, नावागावासकट आणि वेळापत्रकासकट. आणखी एक गोष्ट म्हणजे तक्त्याला पट्टा कुणाचा हे माहीत असतं, हातात कुणाच्या आहे हे नसतं. तुम्ही पट्टा मित्राला दिला तर तो जिथे जाईल तिथे तुमच्या नावाची पोस्ट पडते. काकांच्या गाडीचं झालं ते याहून वेगळं नव्हतं. गाडी हिंगणघाटची झाली होती, तक्त्यात ती मानेवाड्याचीच होती.

तो काळ वेगळा होता

हे जोडकाम एकेकाळी फारच फॅशनमध्ये होतं. एप्रिल २०१० मध्ये फेसबुकने स्वतःच्या एफ८ परिषदेत आलेल्यांना आरएफआयडी टॅग दिले होते. ठिकठिकाणच्या यंत्रांवर टेकवलं की प्रोफाइलवर नोंद व्हायची, फोटोत टॅग व्हायचं. त्याच उन्हाळ्यात इस्रायलमध्ये कोका-कोलाने किशोरवयीन मुलांसाठी भरवलेल्या शिबिरात मनगटी पट्टे वाटले. पोहण्याचा तलाव आवडला? तिथल्या खांबाला पट्टा लावा, फेसबुकवर 'लाइक' जाईल. अमेरिकेत व्हेल रिसॉर्ट्सने स्कीइंगच्या पासमधल्या टॅगवरून तुम्ही दिवसभरात किती उतार घसरलात ते मोजायला आणि हवं तर फेसबुक-ट्विटरवर टाकायला सुरुवात केली.

आता वाचताना अंगावर येतं, पण तेव्हा ते भारी वाटायचं. मी तेव्हा शाळेत होतो आणि फेसबुकवर शेतीचा गेम खेळत होतो. प्रत्येक वांग्यामागे सगळ्या मित्रांना सूचना जायची. त्या काळात कुठलंही ॲप तुमच्या नावाने काहीही टाकू शकतं, हे सगळ्यांनी गृहीतच धरलं होतं.

२०१८ मध्ये केंब्रिज ॲनालिटिकाचं प्रकरण बाहेर आलं. कोट्यवधी लोकांची माहिती एका ॲपमधून बाहेर गेल्याचं कळलं आणि फेसबुकने दारं आवळली. ॲपला वापरकर्त्याच्या नावाने परस्पर पोस्ट टाकू देणारी परवानगी त्याच वर्षी, १ ऑगस्टपासून बंद झाली. म्हणजे पट्टा टेकवला की वैयक्तिक फेसबुक प्रोफाइलवर आपोआप पोस्ट, हा प्रकार आज जुन्या पद्धतीने करता येत नाही. कुणी इव्हेंटवाला तसं विकत असेल तर त्याला दोन प्रश्न जास्त विचारा.

आज काय चालतं?

आज टॅग तुम्हाला पोस्टच्या दारापर्यंत नेतो, बटण तुम्ही दाबता. मुंबई मॅरेथॉनचं उदाहरण घ्या. धावणाऱ्याच्या छातीवरच्या क्रमांकपट्टीला टायमिंग चिप असते. मार्गावर ठरावीक अंतरावर ठेवलेल्या मॅटवरून पाऊल गेलं की वेळ नोंदली जाते. वेळ आपोआप लागते, पण ती इन्स्टाग्रामवर टाकायची की गुपचूप गुडघ्याला बाम लावत बसायचं, हे तुमच्या हातात राहतं.

ग्रुप, चॅनल आणि व्यावसायिक खाती यांच्यासाठी मात्र आपोआप संदेशाची दारं उघडी आहेत. टेलिग्रामचा बॉट फुकटात बनतो. इंजिनीअरिंगची मुलं दरवर्षी प्रकल्पात हेच करतात: आरसी५२२ नावाचा छोटा रीडर, एक ईएसपी३२ बोर्ड, कार्ड टेकवलं की टेलिग्रामवर मेसेज. सीताबर्डीत हा सगळा माल काही शे रुपयांत मिळतो. प्रकल्प म्हणून उत्तम. पण हाच जसाच्या तसा ऑफिसच्या दाराला लावू नका. त्या किटमधल्या स्वस्त कार्डांची नक्कल करणं अवघड नाही. मायफेअर क्लासिक या कार्डाचं कुलूप संशोधकांनी २००८ मध्येच फोडून दाखवलं होतं.

आणि सगळ्यात रोजचं उदाहरण तर तुम्ही कॅफेच्या गल्ल्यावर पाहिलंय. 'इन्स्टाग्रामवर फॉलो करा, मोबाइल इथे टेकवा' असं लिहिलेला ॲक्रिलिकचा छोटा स्टँड. त्याच्या आत एनएफसी स्टिकर असतो आणि त्यात फक्त एक वेबलिंक. एनटॅग२१३ या लोकप्रिय चिपमध्ये वापरायला जेमतेम १४४ बाइट जागा असते, तेवढ्यात लिंक आरामात बसते. मोबाइल टेकवल्याने तुमचं नाव स्टँडला कळत नाही. लिंक उघडून तुम्ही फॉलो केलंत तरच कळतं.

तुमचं दुकान असेल तर हा स्टँड घरीही बनवता येतो. कोरा स्टिकर घ्यायचा, मोबाइलमधल्या एनएफसी लिहिणाऱ्या कुठल्याही ॲपने त्यात आपली लिंक लिहायची. पण लिहून झाल्यावर स्टिकर कुलूपबंद करायला विसरू नका. उघडा ठेवलात तर कुणीही ग्राहक मोबाइल टेकवून तुमच्या लिंकच्या जागी स्वतःची लिंक लिहून जाऊ शकतो आणि तुमचे ग्राहक भलत्याच पानावर जाऊन पोहोचतात. कुलूप एकदा घातलं की उघडत नाही, म्हणून लिंक आधी नीट तपासा. स्टीलच्या काउंटरवर साधा स्टिकर चालत नाही, धातूसाठीचा वेगळा मागा. ग्राहक असाल तर टेकवल्यावर मोबाइल जो पत्ता दाखवतो तो वाचा. एका स्टिकरवर दुसरा स्टिकर चिकटवायला काही अक्कल लागत नाही.

मुलांच्या गळ्यातलं कार्ड

मला खरी काळजी वाटते ती इथे. बऱ्याच शाळांत ओळखपत्रातच टॅग असतो. मूल गेटमधून आत गेलं की पालकाला मेसेज जातो. दोघं नोकरी करणारे असतील तर तो मेसेज किती धीर देतो, हे वेगळं सांगायला नको.

काही महिन्यांपूर्वी ओळखीच्या एका ताईंनी त्यांच्या मुलीच्या शाळेचा टेलिग्राम ग्रुप दाखवला. पालकांना वेगवेगळे मेसेज पाठवण्याऐवजी सगळ्या वर्गाची नोंद एकाच ग्रुपवर पडत होती: मुलाचं नाव, वर्ग, आत आल्याची वेळ, बाहेर पडल्याची वेळ. ग्रुपमध्ये यायला लिंक पुरेशी. ताईंना त्यात काही खटकलं नव्हतं. उलट, "सोनू रोज उशिराच जाते हे मला त्यावरूनच कळलं," म्हणाल्या. कोणतं मूल रोज किती वाजता गेटबाहेर पडतं याचा महिनाभराचा तक्ता तिथे वर सरकवत वाचता येत होता. शाळेचा हेतू वाईट नव्हता. ज्याने बॉट बनवला त्याला चाळीस पालकांना वेगळे मेसेज पाठवण्यापेक्षा एक ग्रुप सोपा वाटला, इतकंच.

डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने आहे. त्यात १८ वर्षांखालच्या सगळ्यांना मूल मानलंय. त्यांची माहिती वापरायला पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते आणि त्यांच्यावर पाळत ठेवायला मनाई आहे. शाळांना नियमांत सूट दिलीय, पण ती शैक्षणिक कामापुरती आणि मुलांच्या सुरक्षिततेपुरती. दुसऱ्याच्या मुलाची येण्या-जाण्याची वेळ मला कळणं यातल्या कशात बसतं, ते शाळेने सांगावं. पालकसभेत विचारायचा प्रश्न साधा आहे: नोंद कुणाला दिसते, किती दिवस राहते आणि मूल शाळा सोडून गेल्यावर पुसली जाते का?

नागपूरकरांना पाळतीचा विषय नवा नाही. महापालिकेने सफाई कामगारांच्या मनगटावर जीपीएस घड्याळं बांधली, तेव्हा त्यावरून आंदोलनं झाली होती. फक्त फरक लक्षात घ्या. जीपीएस घड्याळ माणूस कुठे आहे ते सतत कळवतं. आरएफआयडी फक्त रीडरपाशी बोलतं. पण रीडर पुरेसे झाले आणि सगळ्यांच्या नोंदी एका तक्त्यात आल्या की ठिपके जोडून रस्ता दिसायला लागतो. बोरखेडी, बोरखेडी, परत बोरखेडी. काकांनी तेवढ्यावरून ओळखलं होतं की नवा मालक दर बुधवारी नागपुरात येतो.

काकांच्या टॅगचं पुढे काय झालं?

गाडी विकताना फास्टॅग गाडीसोबत देता येत नाही. तो ज्या बँकेने दिला तिच्या ॲपवर किंवा ग्राहक क्रमांकावर बंद करण्याची विनंती द्यायची, स्टिकर काढून फाडून टाकायचा आणि नव्या मालकाने स्वतःच्या नावाने नवा घ्यायचा. अडचण आली तर राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाची १०३३ ही हेल्पलाइन आहे. जुन्या ॲप्सना दिलेल्या किल्ल्याही अशाच परत घेता येतात. फेसबुकच्या सेटिंग्जमध्ये 'ॲप्स आणि वेबसाइट्स' उघडून पाहा. माझ्याकडे तो शेतीचा गेम अजून यादीत होता.

काकांचा टॅग बंद व्हायला तीन दिवस लागले. मधल्या काळात कापलेले पैसे नव्या मालकाने यूपीआयने परत पाठवले, वर सॉरीही म्हणाला. त्याला वाटत होतं की टोल आता माफ झालाय. त्यानंतरच्या बुधवारी काकांनी दोनदा मोबाइल पाहिला. मेसेज नव्हता. संध्याकाळी ग्रुपवर त्यांनी लिहिलं, "गाडी सासरी नांदून राहिली बहुतेक. निरोप नाही."